डीबगरमध्ये स्टेप दाबल्यावर नक्की काय होतं: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

फर्मागुढीला इंजिनिअरिंग करणारी मुलं असोत की वेर्णा, पर्वरीकडे नुकती नोकरीला लागलेली, प्रोग्राम चुकला की बहुतेक जण आधी एक प्रिंट टाकतात, मग आणखी चार टाकतात, आणि डीबगर (प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) उघडलाच तर थोडं इकडेतिकडे दाबून बंद करतात. का बंद केला विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते भलत्याच फाइलमध्ये गेलं" नाहीतर "स्टेप दाबलं आणि परत थांबलंच नाही". मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण डीबगर तिथे अगदी बरोबर वागत असतो, फक्त स्टेप दाबून आपण त्याच्याकडे नक्की काय मागितलं हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. ते एकदा कळलं की बाकीचे सगळे विचित्र प्रकार आपोआप सुटत जातात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, घाई न करता वाचा आणि शेजारी डीबगर उघडा ठेवा.

आधी काय काय हवं

- एक एडिटर किंवा आयडीई: व्हीएस कोड, इंटेलिजे, एक्लिप्स, काहीही चालेल. टर्मिनलवर काम करत असाल तर सी आणि सी प्लस प्लससाठी जीडीबी, पायथनसाठी पीडीबी (पीडीबी पायथनसोबतच येतो, वेगळा टाकावा लागत नाही).
- डीबग माहितीसकट बिल्ड केलेला प्रोग्राम. जीसीसी वापरत असाल तर मायनस जी हा फ्लॅग हवाच, आणि ऑप्टिमायझेशन बंद किंवा अगदी कमी.
- जो प्रोग्राम चालतोय त्याचाच सोर्स. कालचा नाही, मित्राच्या ब्रँचवरचा नाही.
- चालू असलेल्या प्रोसेसला जोडायचं असेल तर तिचा प्रोसेस आयडी किंवा डीबग पोर्ट, आणि तेवढी परवानगी.

शॉर्टकटचं आत्ताच सांगून टाकतो, कारण इथे लोक खूप फसतात. व्हीएस कोडमध्ये एफ१० म्हणजे स्टेप ओव्हर (फंक्शनच्या आत न शिरता पुढच्या ओळीवर), एफ११ म्हणजे स्टेप इन्टू (फंक्शनच्या आत), शिफ्ट एफ११ म्हणजे स्टेप आउट (फंक्शनमधून बाहेर), आणि एफ५ म्हणजे पुढे चालू दे. एक्लिप्समध्ये एफ५ म्हणजे स्टेप इन्टू, एफ६ ओव्हर, एफ७ बाहेर, एफ८ पुढे. इंटेलिजेमध्ये एफ७ इन्टू, एफ८ ओव्हर, शिफ्ट एफ८ बाहेर, एफ९ पुढे. म्हणजे कॉलेजात एक्लिप्सवर हात बसलेला माणूस व्हीएस कोडवर आला आणि सवयीने एफ५ दाबलं की प्रोग्राम सुसाट शेवटपर्यंत पळून जातो. नवीन मशीनवर बसलात की पहिल्या दिवशी या चार कीज बघून घ्या.

१. स्टेप ही विनंती असते, इव्हेंट नंतर येतो

आपल्याला वाटतं की स्टेप दाबलं म्हणजे डीबगरने एक ओळ चालवली. खरं तर डीबगर काहीच चालवत नाही, चालतो तो तुमचाच प्रोग्राम. स्टेप दाबल्यावर डीबगर एक अट लावून ठेवतो, उदाहरणार्थ "या थ्रेडमध्ये (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक), याच फंक्शनमध्ये किंवा त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, ओळ बदलली की मला सांग", आणि प्रोग्रामला सोडून देतो. अट पूर्ण झाली की प्रोग्राम थांबतो आणि डीबगरला निरोप येतो. तो निरोप म्हणजे स्टेप इव्हेंट.

पणजीहून फोंड्याला जाणाऱ्या बसमध्ये चढताना कंडक्टरला म्हार्दोळला उतरायचंय म्हणून सांगून ठेवता ना, तसंच हे. बस तिच्या वेगाने बाणस्तारी, कुंडई करत जाते, म्हार्दोळ आलं की कंडक्टर हाक मारतो. वाटेत बस दुसऱ्याच कारणाने थांबली तर थांबलेली असते, पण तुमचं म्हार्दोळ आलेलं नसतं. डीबगरमध्ये हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

व्हीएस कोड ज्या प्रोटोकॉलवर चालतो त्या डीबग अॅडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये तर हे अगदी उघड दिसतं. एडिटर "नेक्स्ट" अशी रिक्वेस्ट पाठवतो, समोरून लगेच "मिळाली" असा रिस्पॉन्स येतो, आणि स्टेप खरोखर पूर्ण झाल्यावर "स्टॉप्ड" नावाचा वेगळा इव्हेंट येतो, त्यात थांबण्याचं कारणही लिहिलेलं असतं. रिस्पॉन्स आणि इव्हेंट यांच्यामध्ये किती वेळ जाईल ते तुमच्या प्रोग्रामवर अवलंबून. त्या ओळीत डेटाबेसची मोठी क्वेरी असेल तर दहा सेकंदही जातील, आणि तेवढा वेळ बटणं करडी झालेली दिसतील. ते हँग नाही, प्रोग्राम चालतोय. तेव्हा पुन्हा पुन्हा की दाबू नका.

२. इन्टू, ओव्हर, आउट: एका फेरीबोटीवर करून बघा

वाचून हे कळत नाही, करून बघावं लागतं, म्हणून छोटा प्रोग्राम घेऊ. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या गाड्यांची रांग आहे, फेरीबोटीत जागा मावेल तेवढ्या गाड्या चढवायच्या. दुचाकीला एक जागा, चारचाकीला चार, असं आपण आपल्या सोयीसाठी धरलंय. तुमच्या आवडीच्या भाषेत लिहा, ओळी साधारण अशा:

१ जागा(गाडी):
२ – गाडी दुचाकी असेल तर
३ – – परत दे १
४ – परत दे ४
५
६ फेरी_भर(रांग, क्षमता):
७ – भरलेली = ०, चढलेल्या = रिकामी यादी
८ – रांगेतल्या प्रत्येक गाडीसाठी
९ – – भरलेली = भरलेली + जागा(गाडी)
१० – – भरलेली > क्षमता असेल तर
११ – – – लूप सोड
१२ – – चढलेल्या मध्ये गाडी घाल
१३ – परत दे चढलेल्या आणि भरलेली

क्षमता २० दिली, रांगेत पुढे अठरा दुचाक्या आणि मागे एक चारचाकी. चढलेल्या गाड्यांची यादी बरोबर येते, अठरा दुचाक्या, पण भरलेली जागा २२ दाखवते. वीसच्या बोटीत बावीस कशा?

ओळ ९ वर ब्रेकपॉइंट (इथे आलास की थांब अशी खूण) लावा आणि चालवा. थांबला की ओळ ९ रंगलेली दिसेल. इथे पहिली गोष्ट पक्की करा: रंगलेली ओळ अजून चाललेली नसते, ती आता चालणार असते. म्हणून भरलेली अजून ० च दिसते. ही ओळ चालून गेली असं समजून व्हेरिएबल बघणारे लोक तासन् तास चुकीच्या जागी शोधत बसतात.

आता ओव्हर दाबा. जागा हे फंक्शन चालून येतं, तुम्ही आत जात नाही, ओळ १० वर थांबता, भरलेली १ झालेली असते. पुढे चालू ठेवा, परत ओळ ९ वर याल, आता दुसरी दुचाकी. या वेळी इन्टू दाबा. आता तुम्ही ओळ २ वर, दुसऱ्या फंक्शनमध्ये. कॉल स्टॅकची (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीची) खिडकी बघा, वर जागा, खाली फेरी_भर. आता आउट दाबा.

आणि इथे थांबून नीट बघा, तुम्ही परत ओळ ९ वरच आलात, १० वर नाही. नवीन मुलांना वाटतं की ओळ ९ दुसऱ्यांदा चालतेय, मग भरलेलीमध्ये दोनदा बेरीज होतेय की काय म्हणून घाबरतात. तसं काही नाही. ओळ ९ मध्ये तीन कामं आहेत, फंक्शन बोलावणं, बेरीज, आणि उत्तर ठेवणं. पहिलं काम झालं, दोन बाकी आहेत, म्हणून तुम्ही ओळीच्या मधोमध थांबलाय. आणखी एकदा ओव्हर दाबलं की १० वर जाल. (पीडीबीमध्ये थोडं वेगळं आहे, तिथली रिटर्न कमांड फंक्शन परत फिरण्याच्या क्षणी, म्हणजे त्याच फंक्शनच्या आत थांबवते, तिथून पुढची स्टेप घेतली की बाहेर.)

अठरा वेळा दाबत बसायची गरज नाही. ब्रेकपॉइंटला अट घाला, भरलेली १८ असेल तरच थांब. थांबला की ओव्हर: ओळ १०, भरलेली २२. ओव्हर: ओळ ११. ओव्हर: ओळ १३. म्हणजे चारचाकी चढली नाही पण तिची जागा आधीच मोजून ठेवली. बेरीज तपासणीच्या आधी केल्यामुळे हे झालं. गाडी मावते का ते आधी बघायचं आणि तिची जागा भरलेलीत चढल्यावरच मिळवायची, एवढाच बदल. वीस प्रिंट टाकूनही हे कळलं असतं, नाही असं नाही, पण इथे कोणत्या ओळीवर आकडा बिघडला ते डोळ्यांनी दिसलं.

एका ओळीत दोन-तीन फंक्शनं बोलावलेली असली, एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलेलं असलं, तर इन्टू सगळ्यात आधी जे चालणार त्यात शिरतं, तुम्हाला हवं त्यात नाही. इंटेलिजेमध्ये यासाठी शिफ्ट एफ७ आहे, स्मार्ट स्टेप इन्टू, कोणत्या फंक्शनमध्ये जायचं ते विचारतं. नाहीतर हव्या त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा, सरळ मार्ग.

३. थोडं खाली उतरून बघू

हा भाग सोडला तरी काम चालेल, पण माझं मत विचाराल तर सोडू नका, पुढचे सापळे यातूनच समजतात.

इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये फ्लॅग्ज रजिस्टरमध्ये बिट क्रमांक ८ हा ट्रॅप फ्लॅग आहे. तो चढवला की प्रोसेसर एक इन्स्ट्रक्शन चालवतो आणि लगेच डीबग एक्सेप्शन उठवतो, त्याचा क्रमांक १. लिनक्समध्ये कर्नल ते पकडतं, प्रोग्रामसाठी सिगट्रॅप हा सिग्नल तयार होतो, आणि पीट्रेस (दुसऱ्या प्रोसेसवर ताबा ठेवायची लिनक्सची सोय) वापरून बसलेला डीबगर वेटपिड या कॉलमध्ये वाट बघत असतो, त्याला ते कळतं. हा झाला सगळ्यात खालचा स्टेप इव्हेंट, एका इन्स्ट्रक्शनचा. जीडीबीमध्ये स्टेपआय लिहिलंत की हेच होतं.

पण आपल्याला ओळ हवी असते, इन्स्ट्रक्शन नाही, आणि ओळ ही गोष्ट प्रोसेसरला माहीतच नाही. कंपायलरने मायनस जी दिल्यावर लिहून ठेवलेलं ओळींचं कोष्टक असतं, त्यात कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत कोणती ओळ ते असतं. डीबगर त्या पट्ट्यात असेपर्यंत एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकवत राहतो आणि पट्ट्याबाहेर पडून नवीन ओळीच्या सुरुवातीला आला की तुम्हाला सांगतो. ओव्हर करताना मध्ये फंक्शन आलं तर त्याच्या आतल्या लाखो इन्स्ट्रक्शन तो मोजत बसत नाही, परत येण्याच्या पत्त्यावर गुपचूप एक तात्पुरता ब्रेकपॉइंट ठेवतो आणि प्रोग्राम पूर्ण वेगाने सोडतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल तर त्याच पत्त्यावर आतली पाळीही येते, म्हणून डीबगर स्टॅक फ्रेमही (त्या एका कॉलची स्टॅकवरची जागा) तपासतो, आपलीच फ्रेम असेल तरच थांबतो.

ब्रेकपॉइंटचंही ऐका. एक्स८६ वर डीबगर त्या जागेचा मूळ बाइट काढून तिथे हेक्समधला सीसी हा एक बाइट ठेवतो, तो इंटरप्ट ३. आता तिथून पुढे जायचं तर मूळ इन्स्ट्रक्शन चालायला हवी, म्हणून मूळ बाइट परत ठेवायचा, एक सिंगल स्टेप घ्यायची, सीसी पुन्हा बसवायचा, मग सोडायचं. म्हणजे तुम्ही नुसतं पुढे चालू दे म्हटलं तरी आत एक स्टेप होतेच.

जावामध्ये हे काम जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) स्वतः करतं, डीबगर बाहेरून जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलने विनंती करतो. पायथनमध्ये सिस मॉड्यूलमधलं सेटट्रेस आहे, इंटरप्रीटर प्रत्येक कॉल, ओळ, रिटर्न आणि एक्सेप्शनला तुमचं फंक्शन बोलावतो, आणि पायथन ३.१३ पर्यंत पीडीबी त्यावरच उभा होता, म्हणून तो लावला की प्रोग्राम हळू व्हायचा. पायथन ३.१२ पासून सिस मॉनिटरिंग नावाची हलकी सोय आली आहे, नवीन डीबगर तिचा फायदा घेऊ शकतात.

४. थांबला, पण का थांबला?

प्रत्येक वेळी थांबल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायची सवय लावा. व्हीएस कोडमध्ये कॉल स्टॅकच्या वर लिहिलेलं असतं, स्टेपमुळे, ब्रेकपॉइंटमुळे, एक्सेप्शनमुळे की पॉजमुळे. जीडीबीत ब्रेकपॉइंटचा नंबर छापला जातो. तीन प्रकार नेहमी दिसतात.

ओव्हर दाबलं, पण त्या फंक्शनच्या आत तुम्ही परवा लावून विसरलेला ब्रेकपॉइंट होता. प्रोग्राम तिथे थांबणार. ओव्हरचा अर्थ "आत काहीही झालं तरी थांबू नकोस" असा कधीच नव्हता. आणि बहुतेक डीबगरमध्ये अर्धी राहिलेली ती स्टेप तिथेच रद्द होते, म्हणजे आता पुढे चालू दे म्हटलं तर मूळ ओळीच्या पुढे थांबेल अशी आशा ठेवू नका, आउट दाबून बाहेर या.

ओव्हर दाबलं, आतून एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकलं गेलं. पुढची ओळ येणारच नाही. कुठेतरी वर कॅच (ते पकडणारा कोड) असेल तर तिथे थांबेल, कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये. "भलत्याच फाइलमध्ये गेलं" या तक्रारीमागे बऱ्याच वेळा हेच असतं. अशा वेळी एक्सेप्शन ब्रेकपॉइंट चालू करा, फेकलं जातं त्या जागीच पकडता येईल.

आणि तिसरा, ओव्हर दाबलं आणि थांबलंच नाही. मुख्य फंक्शनच्या शेवटच्या ओळीवर असाल तर पुढे ओळच नाही, प्रोग्राम संपतो. नाहीतर आत लॉकची (दुसऱ्या थ्रेडने अडवून ठेवलेली गोष्ट मोकळी होण्याची) वाट बघतोय, कीबोर्डवरून इनपुटची वाट बघतोय, नेटवर्कवर अडकलाय. पॉज दाबा, कॉल स्टॅक बघा, कुठे अडकलाय ते लगेच कळेल. कॉलबॅकचंही (नंतर चालवायला दिलेलं फंक्शन) तसंच, जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउटच्या ओळीवर ओव्हर केलं तर कॉलबॅक फक्त नोंदवला जातो, तो नंतर चालणार, त्याच्या आत जायचं असेल तर आत ब्रेकपॉइंट लावा.

५. थ्रेड असतील तर जास्त सांभाळा

स्टेपची विनंती एका थ्रेडसाठी असते. पण ती पूर्ण होईपर्यंत बाकीचे थ्रेडही साधारणपणे मोकळे सुटतात. म्हणजे तुम्ही एक ओळ पुढे गेलात तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने हजार ओळी चालवल्या असतील आणि तुमचं सामायिक व्हेरिएबल बदलून टाकलं असेल. आणि तुमचा ब्रेकपॉइंट दुसऱ्या थ्रेडला आधी लागला तर तुम्ही अचानक त्याच ओळीवर पण दुसऱ्याच थ्रेडमध्ये उभे असता, व्हेरिएबल वेगळी, आणि वाटतं की आकडे आपोआप मागे गेले. जीडीबी अशा वेळी "स्विचिंग टू थ्रेड" असं छापतो, ती ओळ वाचत जा.

जीडीबीत शेड्युलर लॉकिंग ही सेटिंग आहे, ती "स्टेप" वर ठेवली की स्टेप घेताना फक्त तुमचाच थ्रेड चालतो. इंटेलिजेमध्ये ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक करून सगळे थांबवायचे की फक्त तो थ्रेड हे निवडता येतं. पण लॉकिंग लावून ठेवलं आणि तुमचा थ्रेड दुसऱ्याकडे असलेल्या लॉकची वाट बघायला लागला तर काहीच हलणार नाही, कारण दुसऱ्याला चालायची परवानगीच नाही. काम झालं की सेटिंग परत पूर्ववत करा.

६. नको त्या कोडमध्ये शिरू नये म्हणून फिल्टर

यादीत एक वस्तू घालायच्या ओळीवर इन्टू दाबलं आणि लायब्ररीच्या आत सहा फंक्शनं खाली गेलात, हे सगळ्यांचं होतं. आयडीईमध्ये स्टेप फिल्टर असतात, जावाच्या स्वतःच्या क्लासेसमध्ये शिरू नको असं सांगता येतं. व्हीएस कोडमध्ये पायथनसाठी "जस्ट माय कोड" चालू असतं, नोडसाठी "स्किप फाइल्स" मध्ये आतल्या फाइल्स टाकता येतात. जीडीबीत स्किप कमांड आहे, शिवाय ज्या फंक्शनची ओळींची माहितीच नाही त्यात स्टेप आत शिरत नाही, ओव्हरसारखं वागतं.

याची दुसरी बाजूही आहे. बग खरोखर लायब्ररीत असेल, किंवा कंपनीचं स्वतःचं कॉमन पॅकेज चुकून फिल्टरमध्ये गेलेलं असेल, तर इन्टू दाबूनही आत जात नाही आणि माणूस वैतागतो. इन्टू काम करत नाही वाटलं की पहिल्यांदा फिल्टर बघा.

७. नवीन लोक ज्यात अडकतात ते सापळे

जुनं बिल्ड, नवीन सोर्स. रंगलेली ओळ कॉमेंटवर किंवा रिकाम्या ओळीवर नाचायला लागली की डोळे झाकून समजा, चालतोय तो प्रोग्राम आणि समोरचा सोर्स वेगळे आहेत. क्लीन करून परत बिल्ड करा, सर्व्हरवरची जार फाइलही (जावाचं बिल्ड) बदला.

ऑप्टिमाइज केलेला कोड. ओळ ९, मग ७, मग १०, परत ९ असा प्रवास दिसतो आणि व्हेरिएबलच्या जागी "ऑप्टिमाइज्ड आउट" येतं. कंपायलरने इन्स्ट्रक्शन मागेपुढे केलेल्या असतात, कोष्टक प्रामाणिकपणे तेच दाखवतं. मायनस ओ शून्य किंवा मायनस ओजी हा फ्लॅग लावून बिल्ड करा.

वॉचमध्ये फंक्शन. वॉच खिडकीत (दर वेळी थांबल्यावर तुम्ही लिहिलेल्या गोष्टींची किंमत दाखवणारी) तुम्ही फंक्शन कॉल लिहून ठेवला असेल तर प्रत्येक स्टेपला तो खराच चालतो. रांगेतून पुढची गाडी काढणारं फंक्शन वॉचमध्ये टाकलं तर प्रत्येक स्टेपला एक गाडी गायब होईल, आणि बग तुम्हीच तयार केलेला असेल. वॉचमध्ये नुसती व्हेरिएबल ठेवा.

वेळ. तुम्ही थांबलात तरी घड्याळ थांबत नाही. टाइमआउट होतात, सेशन संपतात, समोरचा सर्व्हर कनेक्शन तोडतो. स्टेप करताना येणारी टाइमआउटची एरर बग धरू नका. उलट थ्रेडच्या गोंधळातला बग स्टेप करताना नाहीसाही होतो, कारण वेळेचं गणितच बदलतं. तिथे स्टेप सोडा आणि लॉगपॉइंट लावा, तो न थांबता फक्त छापतो.

८. चालू प्रोसेसला जोडताना

लिनक्सवर जीडीबीने दुसऱ्या टर्मिनलमधल्या प्रोसेसला अटॅच करायला गेलात आणि "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं, तर उबंटूमध्ये बहुधा यामा सुरक्षा सेटिंगमधलं पीट्रेस स्कोप १ असतं, म्हणजे फक्त जीडीबीनेच सुरू केलेल्या प्रोसेस डीबग करता येतात. सुडोने अटॅच करा. डॉकर कंटेनरमध्ये असाल तर पीट्रेसची परवानगी कंटेनर सुरू करतानाच द्यावी लागू शकते.

जावासाठी जेव्हीएम सुरू करतानाच जेडीडब्ल्यूपी एजंट लावावा लागतो. त्यात सस्पेंड एन दिलं तर प्रोग्राम लगेच सुरू होतो, वाय दिलं तर तुम्ही जोडेपर्यंत थांबतो. स्टार्टअपमधला बग शोधायचा असेल तर वाय, नाहीतर एन. जावा ९ पासून नुसता पोर्ट नंबर दिला तर तो फक्त त्याच मशीनवरून दिसतो. मग लोक पत्त्यात स्टार घालून सगळीकडे उघडा करतात, आणि मी कळकळीने सांगतो, हे करू नका. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे काही नसतं, त्या पोर्टपर्यंत जो पोचला तो तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. एसएसएच टनेल (एसएसएचच्या सुरक्षित कनेक्शनमधून नेलेला मार्ग) घ्या, त्यातून जोडा.

लोकांच्या वापरात असलेल्या सर्व्हरवर ब्रेकपॉइंट लावून स्टेप करू नका. जेव्हीएममध्ये इव्हेंट आल्यावर सगळे थ्रेड थांबवणं ही मूळची पद्धत आहे, म्हणजे तुम्ही चहा घेत विचार करताय तोवर प्रत्येक ग्राहकाची रिक्वेस्ट लटकलेली. आणि आपल्याकडे पावसात लाईट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, स्टेपच्या मध्येच लॅपटॉपचं कनेक्शन तुटलं तर समोरच्या मशीनला ते लगेच कळेलच असं नाही, तोवर प्रोग्राम थांबलेलाच. रिमोट मशीनवर जीडीबी चालवत असाल तर टीमक्सच्या (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) आत चालवा, परत लॉगिन करून तिथूनच पुढे जाता येतं.

९. स्वतःचं टूल लिहायचं असेल तर

फायनल इयरला कुणी छोटा डीबगर किंवा ट्रेसर करायला घेतात, चांगला विषय आहे. जावाचं जेडीआय (डीबगर लिहायची लायब्ररी) वापरत असाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एका थ्रेडवर एका वेळी एकच स्टेप रिक्वेस्ट राहू शकते, जुनी न काढता दुसरी केली तर डुप्लिकेट रिक्वेस्ट एक्सेप्शन येतं. इव्हेंट आला म्हणून रिक्वेस्ट आपोआप जात नाही, काउंट फिल्टर १ (म्हणजे एकदाच कळव) लावा आणि काम झाल्यावर डिलीट करा, ब्रेकपॉइंट मध्ये आला तरी करा, नाहीतर ती जुनी स्टेप नंतर कधीतरी उगवते. आणि इव्हेंट एकेकटे नाही तर संचात येतात, स्टेप जिथे संपली तिथेच ब्रेकपॉइंट असेल तर दोन्ही एकाच संचात मिळतील, तेव्हा पूर्ण संच वाचून मग एकदाच रिझ्यूम करा.

१०. निघताना

सगळे ब्रेकपॉइंट काढा, मग डिस्कनेक्ट करा. जीडीबीत अटॅच केलेली प्रोसेस असेल तर डिटॅच लिहा, ती पुढे चालत राहते, पण जीडीबीनेच सुरू केलेला प्रोग्राम असेल तर क्विट केल्यावर तो मारला जातो, त्याआधी जीडीबी विचारतो, तो प्रश्न न वाचता वाय दाबू नका. व्हीएस कोडमध्येही तसंच, लॉन्च केलेलं असेल तर लाल चौकोन प्रोग्राम बंद करतो, अटॅच केलेलं असेल तर त्या जागी डिस्कनेक्टचं चिन्ह असतं. कोणतं चिन्ह आहे ते बघून मगच दाबा.